प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रस्ताव: या चुका टाळा

नैतिकता समितीकडून प्रस्ताव परत आला की संशोधक आधी भाषा सुधारायला घेतात. दोष मात्र बहुतेक वेळा प्रयोगाच्या आखणीतच असतो. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्याऐवजी पर्याय वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, जवळपास प्रत्येक अर्जात आढळतात. तरीही पर्यायांच्या रकान्यात ‘पर्याय उपलब्ध नाही’ एवढेच लिहिलेले असेल, तर शोध घेतलाच नाही असे समिती धरून चालते, आणि तिचे सहसा चुकत नाही. कोठे, कोणत्या शब्दांनी आणि केव्हा शोध घेतला, तसेच पेशीसंवर्धनातून, म्हणजे प्राण्याबाहेर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरील प्रयोगांतून, आपल्या प्रश्नाचा नेमका कोणता भाग सुटत नाही, हे तेथे नोंदवावे.

संख्येच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चुका होतात. आधीच्या शोधनिबंधात दहा उंदीर होते म्हणून आपणही दहा घेणे हे समर्थन नव्हे. दुसरीकडे, दयाबुद्धीने संख्या इतकी कमी केली की निष्कर्षच निघू शकत नाही, तर वापरलेले सगळेच प्राणी वाया जातात. याहून फसवी चूक पिंजऱ्याची आहे. औषध पिण्याच्या पाण्यातून दिले जात असेल आणि एका पिंजऱ्यातले पाच उंदीर एकाच बाटलीतून पीत असतील, तर चार पिंजऱ्यांतले वीस उंदीर संख्याशास्त्राच्या हिशेबाने वीस नसून चार ठरतात, कारण औषध एकेका उंदराला नव्हे तर अख्ख्या पिंजऱ्याला मिळते. तेच वीस उंदीर दोन-दोन करून दहा पिंजऱ्यांत ठेवले, तर एकही प्राणी न वाढवता दहा स्वतंत्र एकके मिळतात आणि कोणालाही एकटे राहावे लागत नाही. ही दुरुस्ती कागदावर पाच मिनिटांत होते. प्रयोग संपल्यावर ती करता येत नाही.

‘प्राणी अत्यवस्थ झाल्यास प्रयोग थांबवण्यात येईल’ हे वाक्यही धोक्याचे आहे, कारण अत्यवस्थ म्हणजे काय हे ते सांगत नाही. मूळ वजनाच्या किती टक्के घट झाल्यावर, कोणत्या लक्षणांना किती गुण मिळाल्यावर, आणि सुट्टीच्या दिवशी कोणाच्या निर्णयाने प्राण्याला प्रयोगातून काढायचे, हे आधीच ठरलेले असावे. उंदीर हा भक्ष्य ठरणारा प्राणी असल्याने माणूस खोलीत शिरताच दुखणे लपवतो. म्हणून दारातून एक नजर टाकून ‘सामान्य’ असे लिहिणे ही नोंद होत नाही. थोडा वेळ थांबून मिटत आलेले डोळे, फुगीर गाल आणि मागे वळलेले कान पाहावेत. उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची अशी गुणपद्धती २०१० पासून उपलब्ध आहे.

वेदनाशामकामुळे निकाल बिघडेल, हे कारण पुराव्याशिवाय देऊ नये. उपचार न केलेली वेदनाही भूक, झोप, संप्रेरके आणि रोगप्रतिकारशक्ती बदलते. तोही निकालातला बिघाडच आहे. आपल्या मोजमापात कमीत कमी ढवळाढवळ करणारे औषध कोणते, हे पशुवैद्यकाला आराखड्याच्या वेळीच विचारावे.

गटांतील आकडे कारणाशिवाय विखुरलेले दिसत असतील, तर उपकरणे तपासण्याआधी उंदीर कसे उचलले जातात ते पाहावे. शेपटीला धरून उचललेल्या उंदरांत चिंतेची लक्षणे अधिक दिसतात. त्याऐवजी पिंजऱ्यात एक नळी आडवी ठेवावी, उंदीर स्वतःहून आत शिरेपर्यंत थांबावे आणि नळीसकट उचलावे. सुरुवातीला यात वेळ जातो, नंतर उंदीरच सरावतो. खोलीचे तापमानही सहसा माणसांच्या सोयीचे, वीस ते बावीस अंशांच्या आसपास असते. उंदराला मात्र तीस अंशांजवळ बरे वाटते, म्हणून घरटे बांधण्यासाठी पुरेसे साहित्य देणे ही चैन समजू नये.

मंजुरीनंतर मात्रा, भूल किंवा प्राण्यांची संख्या बदलायची झाल्यास आधी सुधारित अर्ज द्यावा. बदल करून मग कळवणे हा नियमभंगच ठरतो. शोधनिबंध लिहिताना प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालात काय-काय नोंदवावे हे सांगणारी, २०२० मध्ये सुधारलेली अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवावीत, आणि मध्येच दगावलेले किंवा विश्लेषणातून वगळलेले प्राणी किती आणि कोणत्या कारणाने, हे त्या-त्या गटाच्या आकड्यांसोबतच छापावे.