दत्तक मुलाचं लक्ष टिकत नसेल, तर सूचना अशी द्या

दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेलं काम अशा मुलापर्यंत पोचतच नाही. जवळ जा, त्याच्या उंचीला बसा, नाव घ्या आणि एकच गोष्ट सांगा: “बूट जागेवर ठेव.” मग 10 सेकंद गप्प राहा, मध्येच पुन्हा बोललात की पहिली सूचना पुसली जाते. काम होताच नेमकं कौतुक करा.

चिडून वस्तू फेकली तरी खोलीत एकटं ठेवू नका. एकदा आपली माणसं सुटलेल्या मुलाला त्यात ‘आता हेही सोडणार’ असंच वाटू शकतं आणि आकांत वाढतो. हाताच्या अंतरावर शांत बसा. समजावणं नंतर, तेही दोन वाक्यांत.

डॉक्टरांना दत्तक येण्याआधीची माहिती जरूर द्या. धास्तावलेलं मूलही एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असल्यासारखं चुळबुळतं, पण उपचार वेगळे असतात.