नामिबियात कच्च्या रस्त्याला निघण्याआधी स्टेपनी बघा
लाल वाळूच्या टेकड्यांचं सोसुसव्लेई बघून स्वाकोपमुंडच्या समुद्राकडे जाणार असाल तर वाटेतल्या सॉलिटेअर या छोट्या वस्तीत टाकी फुल करा, कारण पुढे किनाऱ्यावरच्या वॉल्व्हिस बे शहरापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास मधे पंपच नाही आणि जवळपास सगळा खडीचा रस्ता आहे. गाडी भाड्याने घेताना दोन स्टेपन्या मागा, आणि तिथेच जॅक लावून बघा, पाना नटला बसतो का ते बघा. आम्ही बघितलं नव्हतं, टायर फुटला तेव्हा पाना नटवर नुसता फिरत होता, मुलं उन्हात उभी, तासाभराने एक ट्रकवाले काका थांबले म्हणून सुटलो. खडीवर ८० च्या वर जाऊच नका, ब्रेक हळू दाबा, वळणावर तर अजूनच हळू, गाडी सरळ घसरते. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून, त्याचं टेन्शन नाही. पाणी माणशी पाच लिटर तरी ठेवा. आणि हो, मुलांचे स्वेटर डिकीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा, वाळवंटात घाम गाळून किनाऱ्याला पोचलात की थंड समुद्रावरून येणारं दाट धुकं असतं, खरंच कुडकुडायला होतं.