हिवाळी चढाई लिहिताय? आधी तारीख बघा

गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झाला आणि त्याच डिसेंबरात मी उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला गेलो. पहाटे माथ्यावर पोचलो तेव्हा बाटलीचं बूच गोठून बसलं होतं, दातांनीही फिरेना. तारीख 16 डिसेंबर. बडोद्याला परतल्यावर एका मोहिमेच्या अर्जात ठसठशीत लिहिलं, 'हिवाळी चढाई'. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दादा अर्ज चाळत होते. माझ्या कितीतरी आधीपासून ते डोंगरात जातात. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "कुठल्या पंचांगाने? उत्तरायणाचे पतंग आपण 14 जानेवारीला उडवतो, पण सूर्य 21-22 डिसेंबरलाच वळतो ना?"

आठ हजारी, म्हणजे 8,000 मीटरहून उंच शिखरांच्या नोंदींत बहुतेक जण तेच वळण धरतात: 21 डिसेंबर ते 20 मार्च. दुसरा पक्ष हवामानाचा हिवाळा मानतो, 1 डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर. फ्रान्सचा गिर्यारोहक लाफाय 11 डिसेंबर 2004 रोजी एकटा शिशापांग्मा या आठ हजारी शिखराच्या माथ्यावर गेला, पण पहिल्या हिवाळी चढाईचा मान सहसा मोरो आणि मोराव्हस्की यांना मिळतो, 14 जानेवारी 2005 चा. उलट ब्रॉड पीक पोलिश गिर्यारोहकांनी 5 मार्च 2013 ला सर केलं. गिर्यारोहक डेनिस उरुब्को मात्र फेब्रुवारीनंतरचा हिवाळा मानतच नाही. परवान्याचा हिवाळा आणखी निराळा. 1980 मध्ये पोलिश मोहिमेचा एव्हरेस्टचा परवाना 15 फेब्रुवारीला संपत होता, दोन दिवस वाढवून मिळाले, आणि 17 तारखेलाच विएलित्स्की आणि चिही माथ्यावर पोचले. मला ही तारीख फार जवळची वाटते.

एवढा काटेकोरपणा का, असं मलाही वाटलं होतं. पण हिवाळ्यात जेट स्ट्रीमचे, म्हणजे खूप उंचावरून वाहणारे वेगवान वारे थेट माथ्यावर आदळतात, हवेचा दाबही उतरतो, म्हणजे तेच शिखर शरीराला जास्त उंच भासतं. शरद ऋतूत दोर लावून ठेवायचे आणि 22 डिसेंबरला माथा गाठायचा, हे म्हणूनच अनेकांना पटत नाही.

तेव्हा लॉगबुकात बेस कॅम्पला कधी पोचलात, त्याच्या वर काम कधी सुरू केलं, माथा कधी, खाली कधी, हे सगळं लिहा. दोर आधीचे होते का, ऑक्सिजन वापरला का, तेही. विशेषण वाचणारा लावेल.

माझी ओळ मी खोडली. तिथे लिहिलं, 'केदारकंठा, सुमारे 3,800 मीटर, 16 डिसेंबर, बर्फातला ट्रेक.'