व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा ट्रेक गाइडसोबत करताय? या चुका टाळा

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणारे बरेच जण ग्रुपसोबत जातात. गाडी ठरलेली, दरीखालच्या घांगरिया गावातली खोली ठरलेली, पुढे एक गाइड आणि मागे एक. त्यामुळे हा ट्रेक सोपा असल्याचं सगळीकडे सांगितलं जातं. वाट म्हणून पाहिलं तर ते खोटंही नाही. घांगरियापर्यंत रुंद, दगड बसवलेली पायवाट आहे, दरीत दोर लावून चढावं लागेल असं काही नाही. तरीही डोकं गच्च धरून हेमकुंडच्या (दरीशेजारच्या उंचावरल्या सरोवराकाठच्या गुरुद्वाराच्या) अर्ध्या वाटेवरून परतणारी, बुटाचा तळ दोरीनं बांधून लंगडणारी, फुलं न बघताच घरी गेलेली माणसं भेटतात. यातल्या बहुतेकांच्या सोबत चांगला गाइड होता. गाइड आहे म्हटल्यावर आपण स्वतःकडे लक्ष देणं सोडतो, अडचण तिथे सुरू होते. त्याला वाट माहीत असते, आभाळ वाचता येतं. तुमची टाच सोलवटली आहे किंवा रात्रभर झोप लागलेली नाही, हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. उद्यान उघडं असलं म्हणजे फुलं असतातच असं नाही. मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत उरकून घेऊ म्हणून जूनच्या सुरुवातीला गेलात, तर दरीत जागोजागी बर्फ आणि नुकतं उगवणारं गवत दिसेल. तेही सुंदर असतं, पण फोटोत पाहिलेली दरी ती नव्हे. फुलांचा भर साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. ब्रह्मकमळ पाहायचं असेल तर ऑगस्ट धरा, आणि ते दरीपेक्षा हेमकुंडच्या वरच्या चढावर शोधा. सप्टेंबरात आभाळ मोकळं होतं, शिखरं दिसतात, पण फुलं ओसरून गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. पाऊसही नको आणि फुलंही भरपूर हवीत, असा आठवडा इथे मिळत नाही. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा निवडावा आणि भिजायची तयारी ठेवावी. फक्त १५ ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी टाळा, घांगरियात खोल्या मोजक्याच आहेत.

एकही मोकळा दिवस न ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ट्रेक जिथून सुरू होतो ते गोविंदघाट ऋषिकेशहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि हा रस्ता पूर्ण दिवस खातो. पावसाळ्यात त्यावर दरडी कोसळतात. उत्तराखंडमधल्याच श्रीनगर ते रुद्रप्रयागमधला सिरोबगड आणि जोशीमठच्या अलीकडचा पागलनाला ही नावं तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी असतात. दरड पडली की रस्ता दोन तासांत मोकळा होईल की दुसऱ्या दिवशी, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी कार्यक्रमातला दिवस जातो तो दरीचा. जाणं-येणं तर करावंच लागतं, मग मधल्याच दिवसाला कात्री लागते.

म्हणून बुकिंग करण्याआधी कार्यक्रम नीट वाचा. त्यात एक राखीव दिवस आहे का? नसेल तर तुमच्या बाजूनं परतीच्या तिकिटात तो घाला. गोविंदघाटहून निघालेल्या दिवशीच देहरादूनचं संध्याकाळचं विमान पकडायचा बेत आखू नका. राखीव दिवस वापरावा लागला नाही, तर तो घांगरियातच घालवा आणि दरीत पुन्हा जा. परवाना किती दिवस चालतो आणि पुन्हा काढावा लागेल का, ते चेकपोस्टवर आधी विचारून घ्या. पहिल्या दिवशी धुकं असेल तर दुसऱ्या दिवशी तीच दरी वेगळी दिसते.

बुकिंगच्या वेळी आणखी दोन-तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका. एका गाइडमागे किती माणसं? सगळ्यात मागे चालणारा माणूस ठरलेला आहे का? रस्ता बंद पडला तर जास्तीच्या मुक्कामाचा खर्च कोणाकडे? शक्य असेल तर भ्युंडार खोऱ्यातलाच, म्हणजे इथलाच गाइड मागा. त्याला फुलांची स्थानिक नावं ठाऊक असतात, आणि वाटेवर काही बिघडलं तर मदतीला धावणारी माणसं त्याच्या ओळखीची असतात.

सह्याद्रीचा अनुभव जसाच्या तसा लावणं

आपल्याकडचे तयार ट्रेकरही इथे फसतात. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे, आणि गोविंदघाट, जिथून आपण चालायची तयारी सुरू करतो, तेच सुमारे १,८०० मीटरवर आहे. सह्याद्रीत पावसात चिंब भिजणं हा आनंदाचा भाग असतो, कारण पाऊस कोमट असतो आणि संध्याकाळी घरी पोचायचं असतं. हेमकुंडच्या वाटेवर अंगावर ओला सुती टी-शर्ट आणि वर वारा असेल तर थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. जीन्स तर आणूच नका, भिजली की दोन दिवस वाळत नाही. लवकर वाळणारे कपडे, वरून पोंचो किंवा चांगला रेनकोट आणि चोवीस तास कोरा राहील असा झोपायचा एक जोड, एवढं असलं की निभावतं. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीच्या बाजूनं पाणी आत शिरतं. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि सगळं सामान तिच्यात भरा. ती पिशवी परत घरी आणायची, हे सांगायला नको.

बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. नवे बूट घालून जाऊ नका हे सगळेच सांगतात. उलटी चूकही तितकीच होते. तीन-चार वर्षं कपाटात पडून राहिलेले, दिसायला ठणठणीत असे बूट लोक आणतात. पडून राहिलेल्या बुटाचा तळ आणि त्याचा गोंद ओलाव्यानं आतल्या आत कुजतो, आणि पहिल्याच मोठ्या चढावर तळ पुढून उघडतो. निघण्याच्या आधी तीन-चार आठवडे ते बूट रोज घालून चाला. तळ सुटायचा असेल तर तो घराजवळ सुटू दे. वाटेत सुटलाच, तर बूट कोरडा पुसून चवड्याभोवती आणि टाचेखालून चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि वरून नाडी बांधा. घांगरियापर्यंत तेवढं पुरतं.

ओले बूट रात्री शेगडीला टेकवून वाळवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते दोन-तीनदा बदला.

उंचीकडे दुर्लक्ष करणं

घांगरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीपनं आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर पायी, म्हणजे एका दिवसात बाराशे मीटरहून जास्त उंची आपण गाठतो. शरीराला हे जड जाऊ शकतं. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. वय, व्यायाम, आधीचे ट्रेक यांपैकी कशानंही खात्री मिळत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आडवा होतो आणि त्याची मावशी मजेत चालत राहते, असं घडतं. हेलिकॉप्टरनं घांगरियाला उतरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. चालताना शरीराला जो वेळ मिळतो तोही त्यांना मिळत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्या दिवशी दरी, दुसऱ्या दिवशी हेमकुंड. दरीत आपण साडेतीन हजार मीटरच्या आसपास फिरून झोपायला पुन्हा घांगरियात येतो, त्यामुळे शरीर थोडं सरावतं. हेमकुंड चार हजार मीटरच्या बरंच वर आहे, आणि घांगरियाहून सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ आहे. ग्रुपनं उलटा क्रम लावला असेल तर कारण विचारा. दर्शनाची किंवा हवामानाची काही अडचण असेल तर समजू शकतं. निव्वळ सोयीसाठी असेल तर बदलायला सांगा.

त्रास कसा ओळखायचा? डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, चक्कर, झोप न लागणं. यातली डोकेदुखी आणि सोबत आणखी एखादी गोष्ट असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला, भले तुम्हाला पित्त वाटो किंवा बसचा प्रवास. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. विश्रांती घ्या, पाणी प्या, झेपेल तसं खा, गाइडला सांगा. सकाळपर्यंत बरं वाटलं तर पुढचा विचार करा. वाढत गेलं तर खाली उतरा. सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. सोबत माणूस घेऊन लगेच खाली न्यायचं. खाली उतरणं हाच खरा उपाय आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर उतरताना आधार देतो, पण तो लावून त्याच जागी थांबून राहणं धोक्याचं.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्यानं दिली म्हणून घेऊ नका. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती चालत नाही. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. रक्तदाब, मधुमेह, दमा यांबद्दल ग्रुपच्या फॉर्ममध्ये खरं लिहा. नाव कापलं जाईल या भीतीनं लोक तो रकाना कोरा सोडतात, आणि मग गरज पडते तेव्हा गाइडच्या हाताशी काहीच माहिती नसते.

गाइडला न सांगणं

माझ्यामुळे सगळे थांबतील, हा विचार मराठी माणसाच्या मनात फार लवकर येतो. वडीलधाऱ्या बायकांच्या मनात तर हमखास. बुटात खडा टोचतोय, तरी तासभर चालत राहायचं. मग फोड येतो, मग पाय वाकडा पडतो, मग गुडघा दुखायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड बुडतं. टाच गरम वाटायला लागली की त्याच क्षणी थांबा, मोजा काढा, पाय पुसा आणि तिथे पट्टी चिकटवा. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं थांबवण्यासाठीच गाइड आहे. “भैजी (दादा), जरा थांबा” म्हटलं की पहाडातला माणूस मनापासून थांबतो.

चालीचंही तसंच. पहिला तास सगळे पळतात, तिसऱ्या तासाला दर वळणावर बसतात. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलताना तुटायला लागलं की वेग कमी करा, थांबायची गरज नसते. आणि पुढच्यांनी मागच्यांची वाट बघून, ते पोचताच निघून जायचं, हे बंद करा. जो सगळ्यात दमलाय त्यालाच विश्रांती मिळत नाही.

हेमकुंडला चढणं जमणार नाही असं वाटत असेल तर खेचराची सोय आहे. दरीत खेचरांना बंदी आहे, तिथे पिट्ठू, म्हणजे ओझं वाहणारे हमाल, पाठीवरच्या कंडीत (टोपलीत) बसवून नेतात. त्याची चौकशी आदल्या संध्याकाळीच करा. हेमकुंडला मुक्काम करता येत नाही, दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली उतरायला लावतात. त्यामुळे पहाटे निघा. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, दोन काठ्या असतील तर फार फरक पडतो.

दरीच्या दारातूनच परत येणं

“फुलं कुठे आहेत?” हा प्रश्न पहिल्या तीन किलोमीटरांत ऐकू येतोच. चेकपोस्टनंतर पुष्पावती नदीवरचा पूल, मग दमवणारा दगडी चढ, आणि त्यानंतर दरी उघडते. चढ संपला की दमलेले लोक तिथेच डबा खातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. दरी पुढे काही किलोमीटर पसरलेली आहे, आणि तिथली वाट जवळजवळ सपाट आहे. सकाळी सातला गेट उघडताच आत जा. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर यावं लागतं, मुक्कामाला परवानगी नाही. आठ-साडेआठला निघणारा ग्रुप असेल तर आदल्या रात्रीच वेळ बदलून घ्या.

आत गेल्यावर गाइडला बोलतं करा. १९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती या दरीत उतरले, १९३९ मध्ये फुलं गोळा करताना घसरून वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेग इथेच गेल्या. त्यांची समाधी दरीत आहे, वेळ हाताशी असेल तर तिथवर जा. १९८२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २००५ मध्ये नंदादेवीसोबत जागतिक वारशाच्या यादीत आलं. उंच, दाट वाढलेलं, पांढरट फुलांच्या तुऱ्यांचं पॉलिगोनम दाखवायला सांगा. ते इतर झाडांना झाकून टाकतं म्हणून वनखातं ते उपटतं. हे कळल्यावर दरीकडे बघायची नजर बदलते.

फोटोसाठी वाट सोडून फुलांत शिरू नका. एकाच्या पावलांची दुसऱ्या दिवशी पायवाट होते. फूल तोडणं हा इथे गुन्हा आहे, ब्रह्मकमळही त्यात आलं. खालच्या वाटेवर कडेच्या झुडपांना हात लावताना सांभाळा, बिच्छू घास लागली तर तासभर आग होते. चोळू नका, पाण्यानं धुवा.

परतीला घाई करणं

रोकड जोशीमठलाच काढून घ्या, घांगरियात फोन आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. जोशीमठचं अधिकृत नाव आता ज्योतिर्मठ झालं आहे, पाट्यांवर गोंधळू नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस फोन लागला नाही तरी काळजी करायची नाही.

परतीच्या रस्त्यावर दरड पडलेली दिसली की लोक सामान पाठीवर घेऊन पायी पलीकडे जायला बघतात, कारण पलीकडे गाडी मिळेल असं कुणीतरी सांगितलेलं असतं. वरून दगड येत असताना हे करू नका, विशेषतः पाऊस चालू असताना. गाडी दरडीच्या अगदी पायथ्याशी उभी करू देऊ नका, मागे मोकळ्या जागी घ्यायला सांगा. अंधार पडत आला असेल तर पिपळकोटी किंवा जोशीमठला मुक्काम करा आणि सकाळी लवकर निघा. ड्रायव्हर “आज जाऊ नये” म्हणत असेल, तर सगळ्या ग्रुपनं मिळून त्याच्यावर दबाव आणू नका.