टँकमध्ये अळी दिसली? औषध ओतायच्या आधी ती कोणाची आहे ते बघा

श्रिंपच्या किंवा माशांच्या टँकमध्ये काहीतरी अनोळखी वळवळताना दिसलं की लगेच औषध टाकू नका प्लीज. किडे मारणारं औषध श्रिंपनाही (टँकमध्ये पाळलेल्या छोट्या कोळंब्यांनाही) मारतं, आणि जे दिसतंय ते बऱ्याचदा कोणालाच त्रास देणारं नसतं. खरी काळजी तीन प्रकारांचीच, ते ओळखता आले की झालं.

आधी तो जीव ड्रॉपरने किंवा जाळीने काढून टँकच्याच पाण्यासकट पांढऱ्या वाटीत घ्या आणि मोबाईलवर झूम करून फोटो काढा, कारण काचेतून अर्ध्या गोष्टी कळतच नाहीत. मग बघा पाय आहेत का आणि शेपटाकडे काय आहे.

सहा पाय, सडपातळ अंग, मोठे डोळे आणि शेपटाला पानासारखे तीन चपटे पंखे असतील तर ते टाचणीचं, म्हणजे चतुरासारख्या पण सडपातळ कीटकाचं (डॅमसेलफ्लाय) पिल्लू. ते पंखे म्हणजे त्याचे कल्ले. श्रिंपच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त सापडतं ते हेच, कारण टाचणी अंडी पाण्यातल्या झाडाच्या देठाच्या आत घालते, त्यामुळे झाड कितीही धुवा अंडी तशीच राहतात. दिसायला नाजूक पण पक्का शिकारी आहे, खालचा ओठ डोक्याखाली घडी करून ठेवलेला असतो तो झटकन पुढे फेकून श्रिंपची पिल्लं धरतो. श्रिंप कमी होतायत आणि मेलेले मात्र दिसत नाहीत, असं असेल तर पहिला संशय ह्याच्यावर घ्या.

इथेच गल्लत होते ती मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या पिल्लाशी. त्यालाही मागे बहुतेक वेळा तीन शेपट्या, पण त्या केसासारख्या बारीक, आणि कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना हलताना दिसतात. ते शेवाळ खातं, त्याला राहू द्या!

मागे पंखे नाहीत, फक्त छोटे काटे, आणि अंग रुंद, जाडसर असेल तर चतुराचं पिल्लू. हे मागून पाणी जोरात सोडून पुढे झेपावतं आणि मोठं झालं की छोटे मासेसुद्धा खातं. तिसरा धोका पाण्यातल्या भुंगेऱ्याच्या अळीचा, लांबट अंग, तोंडाला कोयत्यासारखे दोन वाकडे जबडे, आणि हवा घ्यायला शेपूट वर लावून लटकते. हिला हाताने पकडू नका, चावते.

बिनपायाच्या असतील तर फार घाबरू नका. पृष्ठभागाखाली डोकं खाली करून लटकणाऱ्या आणि हात लावला की वळवळत खाली जाणाऱ्या त्या डासाच्या, मासे त्या आवडीने खातात, पण मासे नसलेल्या टँकमधून लगेच काढा, गरम हवेत आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. तळाच्या गाळात लाल अळ्या असतील तर ते ब्लडवर्म, माशांचा खाऊच.

शिकारी पिल्लं काढायची तर रात्री लाइट बंद करून थोड्या वेळाने टॉर्च घेऊन बसा, झाडांच्या देठांवर आणि पानांखाली नीट शोधा, सापडली की जाळीने उचला. एक सापडलं म्हणून थांबू नका, अंडी एकेकटी क्वचितच आलेली असतात, म्हणून पुढचे काही आठवडे अधूनमधून बघत राहा. पाणी बदलताना सायफनने निघालेलं पाणीही ओतून द्यायच्या आधी बादलीत तपासा, लहान पिल्लं त्यातच मिळतात.

नवीन झाडं तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा आणि टबावर बारीक जाळी टाका, नाहीतर तिथेच डास अंडी घालतील. तळ्यातून आणलेलं डाफ्निया (माशांना खायला घालतात ते पाण्यातले बारीक जीव) वगैरे टँकमध्ये टाकण्याआधी पांढऱ्या ताटलीत ओतून बघून घ्या.

काढलेलं टाचणीचं किंवा चतुराचं पिल्लू मारायचं नसेल तर वेगळ्या बरणीत ठेवा, डासाच्या अळ्या खायला द्या आणि पाण्याबाहेर येईल अशी एक काडी लावा, पंख फुटताना त्याला वर चढायला लागतं. फक्त जवळच्या तळ्यात सोडू नका, झाडांबरोबर ते कुठून आलंय हे आपल्याला माहीत नसतं.