गाजलेली पुस्तके शाळेत आणताना या चुका टाळा

शिक्षण परिषदेत एखाद्या गाजलेल्या पुस्तकावर छान बोलले जाते, दुसऱ्या दिवशी त्यातले वाक्य शाळेच्या फलकावर लागते आणि पोळ्यापर्यंत पुसटही होते. यात पुस्तकाचा दोष क्वचितच असतो. त्यातली युक्ती कशामुळे चालते हे न बघता तिचे वरचे रूप तेवढे उचलले जाते. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूरकडच्या दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग बसतात. तिथे ही चूक लगेच महागात पडते.

आठवण्याच्या सरावाची परीक्षा करू नका

'मेक इट स्टिक' (२०१४) हे पुस्तक सांगते की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवल्याने धडा जास्त टिकतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे. शिक्षक हा सराव अर्ध्यात सोडतात, कारण त्या दिवशी त्याचे फळ दिसत नाही.

परिपाठानंतर १० मिनिटे ठेवा. पाटीवर ५ प्रश्न: २ कालचे, २ मागच्या आठवड्याचे, १ मागच्या महिन्यातला. प्रश्न आदल्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. तिसरी-चौथीची मुले पुठ्ठा वाचून लिहितात, तेवढ्यात पहिली-दुसरीला तोंडी विचारता येते. पुस्तके दप्तरातच राहू द्या. प्रत्येक प्रश्नानंतर अर्धा मिनिट शांतता, मग सगळ्यांच्या पाट्या एकदम वर. हात वर करायला सांगितले तर रोज तीच दोन मुले बोलतात, बाकीची आठवण्याचे कष्टच घेत नाहीत. बरोबर उत्तर लगेच सांगा आणि चूक मुलालाच दुरुस्त करू द्या, नाहीतर चुकीचेच पक्के होते.

गुण नोंदवायला लागलात की मुले शेजारची पाटी बघतात आणि सराव संपतो. अर्ध्याहून जास्त पाट्या चुकल्या, तर तो धडा नीट शिकवलाच गेलेला नाही. प्रश्न थांबवून पुन्हा शिकवा. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की काही मुले तुटक येतात. जे शिकलेच नाही ते आठवणार कसे? अशा मुलांसाठी ती हजर होती त्या दिवसांतल्या धड्यांचा वेगळा पुठ्ठा करा. उत्तर वऱ्हाडीत, गोंडीत किंवा कोलामीत आले आणि अर्थ बरोबर असला, तर ते बरोबरच धरा.

चेकलिस्टचे रजिस्टर होऊ देऊ नका

'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९) लिहिणारे शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या यादीत १९ बाबी आहेत आणि तीन थांबे: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, रुग्णाला बाहेर नेण्याआधी. यादी मोठ्याने वाचली जाते. आपल्या शाळांत अशा यादीचा ४० रकान्यांचा तक्ता होतो आणि महिनाअखेरीस एका बैठकीत सगळ्या सह्या होतात. मग ती कोणालाच वाचवत नाही.

माहीत असूनही घाईत सुटते आणि सुटल्यास मोठे नुकसान करते, तेवढेच यादीत घ्या. दोन थांबे पुरेत. खिचडी वाढण्याआधी: शिक्षकाने चव घेतली का, हात साबणाने धुतले का, पाणी झाकलेले आहे का. शाळा सुटण्याआधी: दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी निरोप कोण देणार, उद्याचे पुठ्ठे तयार आहेत का. एकाने विचारायचे, दुसऱ्याने प्रत्यक्ष बघून सांगायचे. सही नको. एका थांब्याला ५ पेक्षा जास्त बाबी नकोत. नवी घालायची तर जुनी एक काढा.

नुसते 'मेहनत कर' म्हणू नका

बुद्धी प्रयत्नाने वाढते असे मानणारे मूल पुढे जाते, हे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या 'माइंडसेट' (२००६) मधून 'हुशार आहेस' म्हणू नये एवढे शिक्षक घेतात आणि त्याजागी 'मेहनत कर' म्हणतात. चुकीच्या रीतीने वजाबाकी करणारे मूल मेहनतीने तीच चूक जास्त वेळा करते. मुलाने काय केले ते नेमके सांगा: "दशक सोडवून घेतला म्हणून उत्तर आलं." अपेक्षाही बेताची ठेवा. २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हाच विचार शिकवल्यावर नववीच्या कमी गुणांच्या मुलांचे सरासरी गुण सुमारे चारच्या मोजपट्टीवर ०.१ ने वाढले.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी डॅनियल कानेमन यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) मधला लहान संख्यांचा भाग जरूर वाचावा. ७ मुलांच्या वर्गात एक मूल वाचू लागले की टक्केवारी १४ ने चढते, एक स्थलांतर करून गेले तरी ती हलते. लहान शाळा निकालांच्या यादीच्या वरच्या टोकाला जास्त दिसतात आणि खालच्याही, त्याचे एक मोठे कारण हेच. अशा शाळेला एका चाचणीवरून शाबासकी किंवा नोटीस देऊ नका. मुलांची नावे घेऊन, लागोपाठच्या तीन चाचण्या एकत्र बघा. अतिशय वाईट निकालानंतरचा निकाल बऱ्याचदा आपोआपच सुधारतो आणि श्रेय रागावण्याला मिळते.

'तोत्तोचान' हे रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या जपानमधल्या तोमोए शाळेच्या आठवणींचे पुस्तक. ते वाचून भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवणे सोपे असते. दिवसभराची कामे सकाळीच फळ्यावर लिहून कोणते आधी करायचे ते मुलाला ठरवू देणे, ही तोमोए शाळेची रीत बहुवर्ग खोलीला जास्त उपयोगी आहे, आणि तिला रंगाचा खर्च नाही.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात आणि पहिले आठवडे प्रवेश-पुस्तकांत जातात. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकच गोष्ट सुरू करा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरे पुस्तक आणू नका. मार्चमध्ये सकाळच्या शाळेत वेळ आक्रसतो, तेव्हा ५ प्रश्नांचे ३ करा, बंद करू नका. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर चौथीतले मूल पुठ्ठा धरू शकते, तपासणी मात्र शिक्षकानेच करावी.