भाग जात नसेल तर शून्य लिहाच: भरतीच्या नवख्यांसाठी दशांशाबद्दल थोडं

नागपुरात भरतीच्या तयारीला आलेली पोरं काळ-काम-वेगाला घाबरतात, चक्रवाढ व्याजावर रात्री जागवतात, आणि गुण घालवतात ते व्यवहारी अपूर्णांकाचं दशांश रूप करताना. पोलीस शिपाई भरतीचा लेखी पेपर १०० गुणांचा असतो आणि वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. एवढ्या वेळात भागाकार डोळे झाकून बरोबर यायला हवा, कारण शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा या सगळ्यांच्या पोटात तोच बसलेला असतो.

पद्धत तुम्हाला येते, शाळेत झाली आहे. अंशाला छेदाने भागायचं, भाग पुरेना झाला की दशांश चिन्ह द्यायचं, बाकीपुढे शून्य घेऊन चालत राहायचं. १/४ म्हणजे ०.२५, १/२ म्हणजे ०.५, ३/४ म्हणजे ०.७५. पाव, अर्धा, पाऊण. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे. घरात असं कुणी असेल तर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून म्हणून घ्या. माझ्या मते मोबाईलवरच्या दहा शॉर्ट ट्रिकपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

आता मी जिथे सगळ्यात जास्त अडकायचो, तिथे जरा थांबतो. घाई करू नका, हे कागदावर करत वाचा.

३/४० घ्या. ३ मध्ये ४० चा भाग जात नाही, म्हणून ० लिहिलं, दशांश चिन्ह दिलं, ३ पुढे शून्य घेतलं, झाले ३०. आता ३० मध्येही ४० जात नाही. इथे हात आपोआप आणखी एक शून्य घेतो, ३०० करतो, आणि भागाकारात सरळ ७ लिहून मोकळा होतो. पुढे ३०० मधून २८० गेले, उरले २०, त्याचे केले २००, त्यात ५ वेळा. उत्तर येतं ०.७५. हे चूक आहे. ३० मध्ये भाग गेला नाही तेव्हाच भागाकारात शून्य लिहायला हवं होतं. बरोबर उत्तर ०.०७५.

नियम एवढाच: बाकीपुढे एक शून्य घेतलं की भागाकारात एक अंक लिहायचाच. भाग गेला तर तो अंक, नाही गेला तर ०. एक शून्य, एक अंक. पहिलं शून्य घेतलं तेव्हा दशांशाचं घर उघडलं, दुसरं घेतलं तेव्हा शतांशाचं. दशांशाचं घर मोकळं सोडून शतांशातला ७ त्यात बसवला, तर त्याची किंमत दहापट होते. ३ रुपये ४० जणांत वाटले तर प्रत्येकाला ७५ पैसे मिळतील का? तेवढ्याला ३० रुपये लागतील. आणि लक्षात ठेवा, पेपर काढणाऱ्याला ही सवय पक्की माहीत असते. पर्यायांत ०.७५, ०.०७५ आणि ७.५ शेजारी शेजारी ठेवलेले असतात. आपलं चुकीचं उत्तर पर्यायात दिसलं की माणूस निर्धास्त होऊन पुढे जातो.

सुरुवातीचं शून्य अजून लवकर लक्षात येतं. मधलं येत नाही. १३/३२ करून पाहा. १३० मध्ये ३२ चार वेळा, १२८ गेले, बाकी २. शून्य घेतलं, २०. भाग जात नाही, म्हणून ० लिहा. मग २०० मध्ये ६ वेळा, बाकी ८. ८० मध्ये २ वेळा, बाकी १६. १६० मध्ये बरोबर ५. उत्तर ०.४०६२५. मधलं शून्य गळालं तर ०.४६२५ येतं, आणि ते दिसायला अगदी खरं वाटतं. रुपये-पैशांचा अंदाज इथे मदतीला येत नाही.

इथे दुसरी तपासणी लागते, आणि ती मला फार उशिरा कळली. अपूर्णांक आधी अतिसंक्षिप्त करा, मग छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर भागाकार संपणार. २ किती वेळा आला, ५ किती वेळा आला हे मोजा. जो आकडा मोठा, तितकी दशांश स्थळं येणार. ३२ म्हणजे पाच वेळा २, म्हणून उत्तरात पाच स्थळं हवीत. ०.४६२५ मध्ये चारच आहेत, म्हणजे शून्य कुठेतरी गळालं. ४० म्हणजे तीनदा २ आणि एकदा ५, म्हणून तीन स्थळं. ०.७५ तिथेच बाद. संक्षिप्त करायला मात्र विसरू नका. ९/१२ च्या छेदात ३ दिसतो, पण तो अपूर्णांक खरं तर ३/४ आहे.

छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव उरला की दशांश अखंड आवर्ती. १/३, १/६, १/११ पाठच करा. १/११ म्हणजे ०.०९०९०९..., इथेही सुरुवातीला तेच शून्य. १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. तीच बाकी परत आली की थांबा, पुढचं सगळं पुन्हा तेच येणार.

क्लासबद्दल विचाराल तर माझं मत कडक आहे. जो सर ‘काऊन?’ विचारल्यावर ‘ट्रिक आहे, लिहून घे’ म्हणतो, त्याच्याकडे फी भरू नका. अभ्यासिकेत शेजारी बसणारा एखादा मित्र, जो तुमची प्रत्येक बाकी मोठ्याने म्हणवून घेईल, तो पुरेसा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, कूलरसमोरही डोकं चालत नाही. त्या दिवसांत नवीन प्रकरण उघडू नका, सकाळी लवकर फक्त भागाकार करा. सुरुवातीला वेग येणार नाही. घाबरू नका, आधी शून्य गळणं थांबतं, वेग त्यानंतर येतो. मात्र ‘परीक्षेत जमून जाईल’ म्हणून हे सोडून दिलं तर जमणार नाही, हे पक्कं.

आजच्यासाठी पाच देतो: ७/८०, ६१/२०, ३३/३२, १/६४, १४/३५. प्रत्येकापुढे आधी लिहा की दशांश स्थळं किती येणार, मगच भागायला घ्या. शेवटच्याला लगेच हात लावू नका, आधी संक्षिप्त करा.